ह्यांची सायकल आणि माझ्या माहेरचा चढ

मी लग्न होऊन कारापूरला आले तेव्हा माझी ट्रंक बरेच दिवस पडवीत पडून होती. ह्यांची सायकल मात्र आली ती थेट हॉलमध्ये. तिच्यासाठी टीपॉय हलला, माझं शिवणाचं मशीन हललं आणि भिंतीला एक हूक लागला. ज्या माणसाने जेवलेलं ताट कधी उचललं नाही, तो रोज संध्याकाळी मऊ फडक्याने सायकलची साखळी पुसू लागला.

ह्यांची सगळी नोकरी खाणीच्या ऑफिसात गेली. खाण बंद पडली आणि हे वेळेआधीच घरी बसले. मग साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण चालणं म्हणजे गावच्या लोकांना तोंड दाखवणं, आणि प्रत्येकजण विचारणार, "मगे, खाण कधी सुरू जाता?" सायकलवरच्या माणसाला थांबवून कोणी विचारत नाही. तेवढ्यासाठी सायकल आली, असं मला वाटलं होतं.

पण म्हापशाचा एक दातांचा डॉक्टर भेटला आणि सगळं बिघडलं. त्याने एक सायकल ग्रुप काढला होता. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर होते, जमिनींची दलाली करणारे एक गृहस्थ होते, आणि त्यांत आमच्या ह्यांची भर पडली. दर रविवारी डॉक्टर नवा मार्ग काढायचा आणि त्याला इंग्रजी नाव द्यायचा. डिचोलीहून मये तळ्यापर्यंत गेले तर 'लेक रूट'. हरमल, मांद्रे, मोरजी केलं तर 'सनसेट रूट', आणि ते सकाळीच परत यायचे.

त्यासाठी कपडे वेगळे. अंगाला चिकटलेली काळी चड्डी, तिला मागे आतून उशी शिवलेली. मी ती दोरीवर वाळत घातली तेव्हा शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "वयनी, ही कोणाची गो?"

"मोठ्या माणसाची," मी म्हटलं.

हे घरी आले की निसर्गाची वर्णनं सुरू. काय ती हिरवाई, काय ती शुद्ध हवा! वाटेत एखादा मातीचा ट्रक गेलेला असला की मात्र ह्यांना राग यायचा. "लोकांना प्रदूषणाचं काही भानच नाही," असं म्हणायचे. खाण जोरात चालू होती त्या काळात आमच्या गावचे लोक नाकाला रुमाल लावून रस्ता ओलांडायचे, आणि तेव्हा हेच म्हणायचे की धुळीशिवाय चूल पेटत नाही. मी आठवण करून दिली नाही. एवढ्या हौसेने बोलणाऱ्या माणसाला मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

एका उन्हाळ्यात डॉक्टरने मोठा मार्ग आखला. डिचोलीहून दोडामार्ग, तिथून इब्रामपूर, हणखणे, पेडणे आणि शेवटी केरीचा समुद्र. नाव ठेवलं 'माउंटन टू मरीन'. इब्रामपूर माझं माहेर. हे फुशारकीने बोलून बसले, "नाश्ता आमच्या सासुरवाडीला!" म्हणजे नाश्ता मी करायचा.

त्या रस्त्याचं मला काय कौतुक असणार? बस चुकली की त्याच चढावरून मी दप्तर घेऊन रडत चालले आहे. मोठी झाल्यावर भावाच्या सायकलने दोडामार्गाला शाळेत जायचे, तर गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, मुलीची जात आणि सायकल! आता तोच चढ निसर्गरम्य झाला होता.

मी आदल्या दिवशीच माहेरी गेले. सकाळी वहिनीने आणि मी तव्यावर तांदळाचे पोळे घातले, चवळीची उसळ केली, भावाने पोदेराकडून गरम पाव आणले. आठ वाजता यायचे होते. दहा वाजले तरी पत्ता नाही. उसळ दोनदा गरम झाली. शेवटी अंगणात घंट्या वाजल्या आणि तिघेजण आत आले. डॉक्टर, मॅनेजर आणि दलाल. तोंडं लालबुंद, पण खूश.

"आमचे हे?" मी विचारलं.

"येतायत, येतायत," डॉक्टर हेल्मेट काढत म्हणाला. "त्यांचा पेस जरा स्लो आहे. आपल्या ग्रुपचा नियम आहे वहिनी, कुणासाठी थांबायचं नाही. थांबलं की लय बिघडते."

तिघेही लयीत जेवायला बसले. मी फोन लावला, तर रेंज नव्हती. मी दारात आणि पानात अशी फिरत राहिले. दलाल पाचवा पोळा घेता घेता भावाला म्हणाला, "मागचा डोंगर तुमचाच का हो?"

मला वाटलं, भाऊ आता ह्याला सरळ करणार. भाऊ पाट ओढून त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, "कित्याक? भाव काय चल्लाहा?"

माहेरची अब्रू तिथेच ठेवून मी बाहेर पडले. भावाची मोटारसायकल कोणीतरी मागून नेली होती. गोठ्याला भाचीची शाळेची सायकल टेकवलेली होती, पुढे टोपली असलेली. मी पदर खोचला आणि निघाले.

लग्नानंतर मी सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या वळणावर मी कुंपणात जाणार होते, पण नाही गेले. मग उतार आला. डोळ्यांत वारा जाऊन पाणी येत होतं, मनात नको ते येत होतं. साखर एकदम उतरली असेल. ट्रकने उडवलं असेल. आणि इतकी काळजी असूनही, खरं सांगते, मला तो उतार आवडत होता.

दोडामार्गाच्या बाजूच्या चढणीजवळ एका झाडाला ह्यांची सायकल टेकवलेली दिसली. भर उन्हात तिचा मागचा लाल दिवा उघडमिट करत होता. मी भाचीची सायकल रस्त्याकडेला तशीच आडवी टाकली. तेवढ्यात काजूच्या झाडांमागून हसण्याचा आवाज आला.

काजूचे दिवस होते. आत बोंडूंचा वास दरवळत होता आणि हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, भट्टी पेटली होती. भट्टीवाला लाकडं सारत होता. त्याच्या बायकोने ह्यांना पाटावर बसवून एक पाय तिच्या स्टुलावर ठेवायला लावला होता. आमचे हे त्या चड्डीत, हेल्मेट डोक्यावर, हातात पेला.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

"नीरो आहे," हे म्हणाले. "बोंडूंचा ताजा रस. चढलेला नाही. घेतेस?"

"साखर आहे तुम्हाला!"

"एकच घोट घेतला."

भट्टीवाल्याची बायको माझ्या बाजूची निघाली. "दुसरो पेलो आसा तो," ती म्हणाली.

मला रडू आणि राग एकदम आला. मी म्हटलं, "तिकडे माणसं जेवून उठली. मी उन्हातून जीव मुठीत घेऊन आले, आणि तुम्ही इथे ऐश करताय!"

ह्यांनी पेला खाली ठेवला आणि मग हळूच म्हणाले, "चढावर पोटरीत गोळा आला. सायकलवरून उतरताच येईना, पडलो. मी हाक मारली. डॉक्टरने मागं वळून अंगठा दाखवला."

"कसला अंगठा?"

"शाब्बास असा. आणि गेले तिघे."

कोपरावर खरचटलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. त्यावर कसलातरी पाला लावला होता. हे म्हणाले, "खाणीवर हजेरी माझ्याकडे असायची, शेवटचा मजूर वर चढून बसल्याशिवाय मी कधी ट्रक हलवू दिला नाही. शिव्या खाल्ल्या साहेबांच्या, पण हलवू दिला नाही."

हे असं काही ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. खाणीच्या गोष्टी म्हणजे साहेबांच्या गाड्या आणि पार्ट्या, एवढ्याच मला माहीत. मी पेल्यातला उरलेला नीरो पिऊन टाकला. साखर होती ना त्यांना.

परत येताना हे लंगडत सायकल ढकलत होते. मी चढावर पायडल मारत पुढे जायचे, थांबायचे, हे आले की पुन्हा निघायचे. अंगणात पोचलो तर तिघे निघायच्या तयारीत. "अरे वा!" डॉक्टर म्हणाला. "आम्हाला वाटलं, फोटो काढत बसलात."

मी सायकलवरून उतरले. विचारलं, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात दात उपटताना पेशंट ओरडला की तुम्ही त्याला अंगठा दाखवता?"

मॅनेजर फस्सकन हसले आणि लगेच खोकले. डॉक्टरने घड्याळ बघितलं. दलाल डोंगर बघत होता. वहिनी आतून उगाचच म्हणाली, "आणखी चाय हाडू काय?"

मग डॉक्टरने ग्रुप फोटोची टूम काढली आणि मोबाइल माझ्याच हातात दिला. ह्यांना मध्ये उभं केलं. मी फोटो काढला, सगळ्यांचे पाय नीट येऊ दिले. ते तिघे केरीला गेले. आमचे हे, मी आणि ह्यांची सायकल भावाच्या ओळखीच्या टेम्पोतून कारापूरला आले, काजूच्या पोत्यांबरोबर.

संध्याकाळी ग्रुपवर तो फोटो पडला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की आमच्या ग्रुपमध्ये कधीही कुणी मागे राहत नाही. मी उसळ केली, मी फोटो काढला, मी माणूस शोधून आणला, पण फोटोत कुठे मी नाही. त्यावर सगळ्यांत आधी अंगठा कोणी दिला असेल? आमच्या ह्यांनी.

"अहो!" मी म्हटलं.

"वाईट दिसतं गो, नाही दिला तर," हे म्हणाले. पण पुढच्या रविवारी गेले नाहीत. त्यानंतर पाय दुखतो म्हणाले, मग पाऊस आला म्हणाले. आता हे दुर्बीण घेऊन पक्षी बघतात. त्याचाही एक ग्रुप आहे आणि त्यात एक कानांचा डॉक्टर आहे.

सायकल हॉलमध्ये लटकत राहिली. एक दिवस मी ती खाली काढली आणि जवळच्या साखळी गावच्या बाजाराला घेऊन गेले. सीट खाली करून घेतली. हे बघत राहिले, फक्त म्हणाले, "गिअर जपून." शेजारणीने तोंडात बोट घातलं, नंतर स्वतःच विचारायला आली की पडलं तर फार लागतं का.

दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा मी कोणालाच न सांगता इब्रामपूरला निघाले. डिचोली मागे टाकली, दोडामार्गाला एक चहा घेतला. चढावर दोनदा उतरले, दम खाल्ला, पुन्हा बसले. रानातून धुकं उठत होतं, नदीचा तुकडा मध्येच दिसायचा आणि जायचा. सुंदर होतं, आता काय खोटं बोलू?

अंगणात मला सायकलवर बघून भाऊ गोठ्यातून धावतच आला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. "काय जालां? भावोजी बरे आसत मां?"

"काय जावंक ना रे," मी म्हटलं. "वयनीक सांग, चाय ठेव."