तपासणीची खुर्ची

मला नोकरीवरून कसं काढलं, हे मी सीताबर्डीतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितलंय. मालकाला शिव्या घालून सांगितलंय. पण त्याआधीच्या कपातीत मी स्वतः काय केलं — ते बायकोलाही नाही. तुम्हालाच सांगतोय.

आमचं काम कार्डं पंच करण्याचं. कंपन्यांचे आकडे कार्डांवर भोकं पाडून भरायचे, मग ती कार्डं कॉम्प्युटरला. प्रत्येक कार्ड दोघांच्या हातून जाई — एकजण पंच करी, दुसरा तेच आकडे पुन्हा मारून तपासे. जुळलं नाही की तपासणीच्या यंत्रावर लाल दिवा.

माझ्या कार्डांना तो फार लागे. हात जलद, डोकं गरम. साहेब मला हाकलणारच होता, तेव्हा कुसुमताई आपणहून पंचिंग सोडून माझ्यामागे तपासणीला बसल्या. काम मला त्यांनीच शिकवलेलं. माझ्याहून कितीतरी जुन्या. म्हणाल्या, "तू मार गा बिनधास्त, मी पाहीन. पण लग्नात मले बोलावजो, नाहीतर सारे लाल दिवे सांगीन तुह्या सासऱ्याले!"

मग कार्डांच्या जागी पडदेवाली यंत्रं आली. निम्मे लोक जाणार. मालकाशी बोलणी करायला साऱ्यांनी मलाच पाठवलं — जरीपटक्याच्या बाजारात घासाघीस करत वाढलेला मी, मला कोण गुंडाळणार? नियम होता, शेवटी आला तो आधी जाईल. शेवटच्यांत मी होतो. हे इतर कुणाच्या ध्यानात होतं की नाही, कोण जाणे — माझ्या होतं.

मी काय केलं? टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला, आणि म्हणालो — तपासणीवाल्या बायांना नियमातून वेगळं धरा, आधी त्यांना काढा. नव्या यंत्रात चूक पडद्यावरच दिसते, त्यांची गरजच काय? ज्याच्या चुका सगळ्यांत जास्त, त्यानं हे म्हटलं! मालक हसला. सौदा तिथंच पटला.

पुढं मालकानं मलाही काढलं. तो राग अजून जळतो — की तोच राग पांघरून मी इतकी वर्षं बसलोय?

सौदा पटला त्या संध्याकाळी कुसुमताई डबा पिशवीत भरत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काहून तोंड पाडलं गा? भांडला ना तू आमच्यासाठी?"

"खूप भांडलो, ताई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ठेवू दिला.