बरणीतले पंधरा दिवस

सुलोचनाआत्यांच्या घरी नवा मासा आला की त्याला सरळ टाकीत प्रवेश नसे. आधी पंधरा दिवस लोणच्याच्या काचेच्या बरणीत. बरणी खिडकीत, समोर लाकडी खुर्चीवर आत्या, मांडीवर शाळेच्या वह्या. दोन वह्या तपासायच्या, एकदा बरणीत पाहायचं. मासा अंग घासतो का, पंख मिटून बसतो का, अंगावर पांढरे ठिपके येतात का. पंधरा दिवसांत काही सापडलं नाही तरी त्या खूश होत नसत. "सापडलं नाही म्हंजे लपवून राहिला," एवढंच म्हणायच्या आणि नाइलाजाने त्याला टाकीत सोडायच्या.

या आत्या म्हणजे माझ्या बायकोच्या, कुंदाच्या आत्या. पांढुर्ण्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. सगळं गाव त्यांना बहनजी म्हणायचं. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा कुंदाने विचारलं तर म्हणाल्या, "पायले दोन-तीन. चांगले वाटले, तेच खटकलं." कुंदाचे वडील बोरगावला लोकांच्या शेतात राबत, पोरगी शिकावी म्हणून त्यांनी तिला बहिणीकडे ठेवलेलं. त्यामुळे आमची सोयरीक निघाली तेव्हा त्यांनी हात वर केले. "सुलू म्हणंल ते."

मी तेव्हा सौंसरला तहसील कचेरीत कारकून होतो. केसांना तेल, खिशाला पेन आणि स्वतःविषयी बराच गैरसमज, अशा थाटात मी पांढुर्ण्याला पोचलो. जयभीम घातला. आत्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दहा मिनिटं नुसतं पाहिलं. मग मध्यस्थाला म्हणाल्या, "एका दिवसात काय समजते? दर इतवारी येऊन बसू द्या."

असं आमच्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. मुलगी पाहायला गेलेला मुलगा, आणि त्याचीच हजेरी दर रविवारी. पण कुंदाने चहा आणताना माझ्याकडे एकदा पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर मी दर रविवारी बसचे धक्के खायला तयार झालो.

त्या समोरच्या खोलीत माझ्याशिवाय पाहण्यासारखी एकच गोष्ट होती, ती टाकी. लोखंडी पट्ट्यांची चौकट, पुटीनने बसवलेल्या काचा, तळाला सात वेळा धुतलेली जाम नदीची वाळू. शाळेत प्रयोगासाठी आणायच्या त्यातलंच पाणगवत आत लावलेलं. पंप नव्हता. "लाइनचा भरोसा नाही. झाडं हवा देतात, त्याईले बिल येत नाही." त्या हिरवळीतून नखाएवढ्या गप्प्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे फिरत. मासे नागपूरहून पिशवीत, पॅसेंजरने, मांडीवर घेऊन आणलेले. दुकानदार मोठे, देखणे मासे दाखवायचा. आत्या त्यांची तोंडं पाहायच्या. "ज्याच्या तोंडात दुसऱ्याचं डोस्कं मावते, तो आपल्या घरात नाही पाहिजे." हे सांगताना त्यांनी माझ्याही तोंडाकडे पाहिलं, असं मला वाटलं.

त्यांना खूश करायला मी एक शहाणपणा केला. श्रावणात रामाकोन्याला कामासाठी गेलो होतो. तिथे नदीकाठी मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या डबड्यात लालभडक, टाचणीएवढी पिल्लं दिसली. एक मागितलं. म्हातारा म्हणाला, "कायले पाहिजे साहेब?" म्हटलं, काचेच्या टाकीत ठेवायला. तो इतका वेळ हसला की मला वाटलं, माणूस स्वभावानेच आनंदी आहे.

आत्यांनी ते पिल्लू बरणीत ठेवलं. तोंड भिंगातून पाहिलं, अगदी बारीक होतं. पंधरा दिवस ते डासांच्या अळ्या खात शहाण्यासारखं राहिलं. टाकीत सोडताना आत्या पहिल्यांदाच माझ्याविषयी काही बरं बोलल्या. "मासा तं चांगला आणला तुमी."

मग गप्प्या कमी व्हायला लागल्या.

आत्यांना सुट्टी रविवारी, म्हणून मासे मोजायचे रविवारीच. मीही रविवारीच. एका रविवारी दोन कमी, पुढच्या रविवारी तीन. मेलेला मासा वर तरंगलेला सापडावा, तर तेही नाही. आधी शेजारच्या मांजरावर संशय गेला. टाकीवर जाळी आली. मग संशय नळाच्या पाण्यावर. मग कुंदावर, की भाताची शितं टाकते. मग भांडी घासायला येणाऱ्या गिरजाबाईवर. तिच्या घरी पाहुणे आले होते आणि त्यांच्यासाठी ती काचेची बाटली मागून घेऊन गेली होती. बाटलीत मासा मावतो, एवढा पुरावा आत्यांना पुरला. "गिरजा, समोरच्या खोलीत नको येत जाऊ आता," त्या म्हणाल्या. बारा वर्षं त्या घरात वावरलेली बाई. दुसऱ्या दिवसापासून ती अंगणातूनच भांडी घ्यायला लागली.

शेवटी नंबर माझा. "तुमी आले का मासा जाते," आत्या चहा ठेवत म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आता मलाही संशय येऊ लागला, आत्यांचा. सोयरीक मोडायला निमित्त हवं म्हणून या बाई स्वतःच मासे लपवत असतील काय? परतीच्या बसमध्ये मी ते सिद्धही करून टाकलं होतं. पण पुढच्या रविवारी टाकीकडे नीट पाहिलं. माझं लाल पिल्लू आता बोटाएवढं, मातकट झालं होतं. "म्हातारं होऊन राहिलं," आत्या म्हणाल्या. ते पाणगवताच्या आड हलत नव्हतं. डोकं चपटं, सापासारखं. असं डोकं मी सौंसरच्या बाजारात दर आठवड्याला टोपलीत पाहत होतो. ती मरळ होती. दुसऱ्या माशांना गिळून वाढणारी. आत्यांनी आणि मी जन्मभर मरळीचा रस्सा ओरपला होता, पण तिचं पिल्लू दोघांनीही पाहिलेलं नव्हतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. गिरजाबाई अंगणात उन्हात उभी होती, ते दिसत होतं. तरी मी चहाची स्तुती केली आणि बस पकडली. आठ दिवस मनात एकच बेत. मरळ गुपचूप काढायची, मासे जाणं थांबेल, संशय आपोआप विरेल आणि कुंदा माझी होईल.

पुढच्या रविवारी दुपारी आत्या आत गेल्या तशी मी बाही वर सारली, जाळी उचलली आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. मरळ या दगडाआडून त्या दगडाआड. माझा सदरा भिजला, पाणगवत उपटून वर आलं. मागून आवाज आला.

"झालं काय धरून?"

दारात आत्या. त्यांच्यामागे कुंदा, तोंडावर पदर. हसत होती की रडत, ते आजतागायत तिने सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "आत्या, ही मरळ आहे. हीच खाते सगळे."

"तिच्यावर नाव नका टाकू. पंधरा दिवस बरणीत होती, मी सोता पायली."

ज्या बाईने जन्मात कोणावर विश्वास टाकला नाही, तिने तो नेमका मरळीवर टाकला होता. मी म्हटलं, बसून पाहू. खुर्च्या मांडल्या. तीन तास आम्ही दोघं टाकीसमोर बसलो, एकमेकांवर एकेक डोळा ठेवून. मरळ साधूसारखी स्थिर. आत्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. माझी सोयरीक त्या पाण्यात बुडताना मला दिसत होती.

दिवेलागणीला कुंदाने कुटलेली सुकट टाकली. मासे वर आले. गवत जरासं हललं, आणि एक झेब्रा होता तो नव्हता. मरळीच्या तोंडातून शेपटी तेवढी दिसली, मग तीही गेली.

आत्यांनी उरलेले मासे मोजले. मग हळूच म्हणाल्या, "बरणीत दुसरं कोणी नवतंच न. एकटं असलं का सारेच चांगले रायतात." आणि माझ्याकडे वळल्या. "तुमाले कधीपासून मालूम होतं?"

"मागच्या रविवारपासून."

"अन् गिरजा बाहेर उभी हाय, हे पायत होते?"

"हो."

"झूठ तुमाले बोलता येत नाही. चूप रायता येते. ते जास्त बेकार हाय."

त्या चपला घालून गिरजाबाईकडे निघाल्या. मला म्हणाल्या, "चला. माही चूक मी बोलतो, तुमची तुमी बोला." गिरजाबाईने दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाली, "बहनजी, मले इचारलं असतं तं मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. माह्या बापानं जन्मभर मरळच धरली." आत्या माघारी निघाल्या. मीही.

मला वाटलं, संपलं. पण फाटकाशी आत्या म्हणाल्या, "तुमालेही एकट्यालेच बसवून पायलं म्या. आता मी येतो सौंसरले. चार दिवस राहतो."

आल्या. आमच्या तीन खोल्यांत सात माणसं, त्यात आत्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसून असायच्या, वही तपासत. आईने मला ताकीद दिली होती, नीट वाग. त्यामुळे मी इतका नीट वागत होतो की मोठ्या भावाने विचारलं, "तब्येत बरी हाय न तुही?"

तिसऱ्या दिवशी डाळ करपली. भाऊ जेवायला बसला आणि वहिनीवर बरसला. डाळीकडे पाहायला वहिनीने मला सांगितलं होतं. ती नळावर गेली होती. पण भावासमोर तोंड उघडायची मला सवय नव्हती. माझी नजर कोपऱ्याकडे गेली. आत्यांनी वहीतून डोकं वर काढलं होतं. मी म्हटलं, "दादा, डाळ माझ्याकडे होती. वहिनी नळावर होती." भावाने माझ्याकडे पाहिलं, करपलेली डाळ भातावर ओतली आणि मुकाट जेवला.

चौथ्या दिवशी मी आत्यांना बसस्टँडवर पोचवायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळाली. त्या म्हणाल्या, "डाळीचं बोलले तुमी. पण आधी माह्याकडं पायलं."

मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.

"मी नसतो तं बोलले असते काय?"

खूप उत्तरं सुचली. सगळी चांगली होती. पण त्या बाईंसमोर त्यातलं एकही टिकलं नसतं. म्हटलं, "माहीत नाही, आत्या."

त्यांनी पहिल्यांदा मला 'तू' म्हटलं. "हे बरं बोलला तू." गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून एवढंच सांगितलं, "उन्हाळ्यात करू. शाळेले सुट्ट्या असतात."

लग्न झालं. पुढे कितीतरी वर्षं आत्या सुट्टीत आमच्याकडे यायच्या आणि त्याच कोपऱ्यात पाट मांडून बसायच्या. विश्वास टाकल्याचं त्यांनी कधी कबूल केलं नाही. मी आणलेलं दूध त्या शेवटपर्यंत वास घेऊन पीत. त्या गेल्यालाही आता बराच काळ झाला. घरात अजून काही बिघडतं, बोल भलत्यावर जातो, आणि माझी मान आपोआप त्या कोपऱ्याकडे वळते. तिथे आता धान्याची कोठी आहे. बघायला कोणी नसतं. गप्प राहायला ती फार सोयीची वेळ असते, आणि नेमकं तेव्हाच मला बोलावं लागतं.