त्सुकुदाचं वगळा-बटण

एखादा सिनेमा चांगला की वाईट, हे ठरवायला मोरिहिको त्सुकुदाला वीस मिनिटं पुरत. त्यानंतर तो उठायचा, शेजारच्यांच्या पायांवरून वाट काढत बाहेर यायचा आणि समोरच्या कॉफीच्या दुकानात बसून त्या सिनेमावर दोन पानं लिहून काढायचा. व्हिडिओ गेमला तर एवढाही वेळ लागत नसे. एक उडी मारून बघायची. पडद्यावरचा माणूस जमिनीवरून उठून परत जमिनीला टेकेपर्यंत त्सुकुदाचं मत तयार झालेलं असे. ओसाकातल्या त्याच्या कंपनीत सगळे त्याला पाठीमागे 'एक-उडी त्सुकुदा' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. तो त्याला पदवी समजत असे.

तसं समजायला थोडं कारणही होतं. १९८४ साली तो मारुतामा कंपनीत लागला, तेव्हा ती कंपनी म्हणजे जूसोच्या बाजारात, लोणच्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि नऊ माणसं. त्सुकुदा तेवीस वर्षांचा होता. त्याआधी दोन वर्षं तो पचिंको या जुगारी खेळाची यंत्रं दुरुस्त करत फिरत होता आणि प्रोग्रॅमिंग तो पुस्तकाच्या दुकानात उभ्याउभ्या, विकत न घेता शिकला होता. मालकाने त्याला पहिलंच काम दिलं ते असं: सायकलवरून तोफू विकणारा माणूस छपरांवरून उड्या मारत जातो, मागच्या बादलीतला तो पनीरासारखा मऊ तोफू फुटता कामा नये. बस्स. एवढाच खेळ.

दुसऱ्या कुणी तो सहा आठवड्यांत उरकला असता. त्सुकुदाने तोफूच्या थरथरीवरच चार महिने घातले. रोज सकाळी तो बाजारातल्या मात्सुएबाईंकडून सहा वड्या घ्यायचा आणि कंपनीच्या जिन्यावरून वेगवेगळ्या उंचीवरून खाली सोडायचा.

"घरी तोफूशिवाय काही शिजत नाही का रे?" मात्सुएबाईंनी एकदा विचारलं.

"खायला नाही नेत. पाडायला नेतो."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. "मग कालचा उरलेला देत जाऊ का? पाडायलाच आहे तर."

"शिळा नको. शिळ्याची थरथर वेगळी असते."

त्या दिवसापासून मात्सुएबाई त्याच्याशी फार हळू आवाजात बोलू लागल्या, आजाऱ्याशी बोलतात तसं.

पण खेळ बाजारात आला आणि धावला. सगळा खेळ आजच्या एका फोटोपेक्षा कमी जागेत मावत होता, आणि तरी उडी मारल्यावर बादलीतला तोफू असा काही हले की खेळणारा स्वतःच खुर्चीत सावरून बसे. पोरं शाळेत त्या उडीवर वाद घालत. त्सुकुदाचा मात्र त्या दिवसापासून समज झाला की जगाला हवी ती उडी. बाकीचं सगळं, म्हणजे गोष्ट, संगीत, पात्रांची दुःखं, हे जेवणाआधी आचाऱ्याने आपलं आत्मचरित्र ऐकवण्यासारखं आहे.

सिनेमावर त्याचा राग याच कारणाने होता. ८७ साली जूसोच्याच एका चित्रपटगृहात तो वीस मिनिटांत बाहेर आला आणि तिकीट-खिडकीशी जाऊन म्हणाला, "पैसे परत द्या."

खिडकीत कानाए नावाची मुलगी होती. तिने डोकंही वर केलं नाही. "का?"

"नायक दोन रस्त्यांच्या तोंडाशी आला आणि उजवीकडे गेला. मी असतो तर डावीकडे गेलो असतो."

"मग जा ना," कानाए म्हणाली. "बाहेरचं दार डावीकडेच आहे."

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. कानाएने नोकरी सोडली नाही, सिनेमाही सोडला नाही. दर गुरुवारी ती आपल्याच चित्रपटगृहात बसून अख्खा सिनेमा बघायची, शेवटची नावं संपेपर्यंत. त्सुकुदाला तिच्या नात्याने फुकट पास मिळत, त्यामुळे त्याची वीस-वीस मिनिटं वाढली. एका गेमच्या मासिकाने त्याला सदर दिलं. त्यात तो सिनेमांना दहापैकी गुण द्यायचा. तीनच्या वर कुणी गेलं नाही. "दहाव्या मिनिटाला नायिका आजारी पडते," असं लिहायचा, "आणि प्रेक्षकाच्या हातात औषध द्यायची सोय नाही. ही कसली करमणूक?" वाचक पत्र लिहून कळवत की ती नायिका पुढे बरी होते. त्सुकुदा त्यांना उत्तर पाठवायचा की असल्या तपशिलांनी मूळ मुद्द्याला बाध येत नाही.

कानाए ही सदरं वाचत नसे. तिने त्याचा एकही खेळ खेळला नव्हता. "मला बटणं दाबता येत नाहीत," ती म्हणायची, आणि त्यावर वाद संपायचा.

१९९७ मध्ये मारुतामात चिनात्सु ओगिसो आली. सिनेमाचं शिक्षण घेऊन आलेली, काळा कोट, केस कानापर्यंत, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकट धरायची सवय. पहिल्याच आठवड्यात तिने त्सुकुदाला विचारलं, "त्सुकुदा-सान, तो तोफूवाला छपरांवरून का जातो? घरी त्याचं कोण आहे?"

"बादली आहे."

"तसं नाही. त्याला दुःख काय आहे?"

"तोफू फुटतो हे. तुला आणखी काय पाहिजे?"

त्याने तिला 'तू' म्हटलं, कारण तो तेरा वर्षं आधी लागलेला होता. सहा वर्षांनी ती त्याच्या विभागाची प्रमुख झाली आणि त्याला 'तुम्ही' म्हणावं लागलं. हे त्याला इतकं जड गेलं की पहिला महिनाभर तो तिच्याशी क्रियापद न लावता बोलायचा. "ओगिसो-सान, ती फाईल." "ओगिसो-सान, उद्याची बैठक." आपण फार धोरणी आहोत असं त्याला वाटे. आपल्या मागे सगळं ऑफिस तशीच नक्कल करत जेवतं, हे त्याला कळलं नाही.

प्रमुख झाल्यावर ओगिसोने 'धुक्यातलं बंदर' हा खेळ हाती घेतला. त्यात सुरुवातीलाच अडतीस मिनिटांचा सिनेमा होता. दीपगृहावरचा म्हातारा राखणदार, त्याचा रुसून गेलेला मुलगा, धुकं, पुन्हा धुकं. त्यानंतर कुठे खेळणाऱ्याच्या हातात मुलगा यायचा आणि दीपगृहाचे बावीस टप्पे उड्या मारत चढायचे असत. ते टप्पे त्सुकुदाचे. त्याने ते इतके कठीण केले होते की चढता चढता माणसाला आयुष्याचा अर्थ कळावा, असं तो म्हणत असे.

"सिनेमा मधेच तोडता येणार नाही," ओगिसोने बजावलं. "अडतीस मिनिटं म्हणजे अडतीस मिनिटं."

त्सुकुदाने मान डोलावली आणि गुपचूप एक बटण बसवलं. उडीचं बटण दाबलं की पडद्याच्या कोपऱ्यात 'वगळा' उमटे आणि सिनेमा खलास. कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, लोकांची बोटं आपोआप जातील, असा त्याचा होरा होता.

चाचणीच्या दिवशी आसपासच्या वस्तीतले वीस लोक बोलावले. एक दातांचे डॉक्टर, दोन गृहिणी, एक फुलवाली, बाकी विद्यार्थी. काचेपलीकडच्या खोलीत त्सुकुदा, ओगिसो आणि मालक बसले. चौथ्या मिनिटाला एकाला बटण सापडलं. दहाव्यापर्यंत अकराजणांना. ओगिसोला आधी वाटलं, यंत्रं बिघडली. मग तिने पाहिलं: पडद्यावर म्हातारा अंथरुणावर पडला होता, मुलाचा हात धरून म्हणत होता, "एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही..." आणि फुलवालीने जांभई देत बटण दाबलं. ती गोष्ट काय होती, हे जाणून घ्यायला सतराजण थांबले नाहीत.

"हे कुणी केलं?" ओगिसोने विचारलं.

"जनतेने," त्सुकुदा म्हणाला. इतकं समाधान त्याला लग्नातही झालं नव्हतं.

मग सगळे दीपगृहाशी पोचले. पहिल्या टप्प्यावरून बाराजण पडले. दुसऱ्यावरून उरलेल्यांपैकी सहा. पडायचे, पुन्हा खालून सुरू करायचे, पुन्हा पडायचे. अर्ध्या तासात फुलवालीने कंट्रोलर खाली ठेवून फोन बाहेर काढला. त्सुकुदा काचेला नाक लावून पुटपुटत होता, "उडीच्या आधी थांबा. अहो थांबा. वाऱ्याचा अंदाज घ्या." दातांच्या डॉक्टरांनी नवव्यांदा पडल्यावर शेजारच्या कर्मचाऱ्याला अतिशय नम्रपणे विचारलं, "मघाचं ते बटण इथे चालत नाही का?"

मालकाने मिशीवरून हात फिरवला.

"त्सुकुदा-सान," ओगिसो शेवटी म्हणाली, "जनतेचं ऐकायचं ना? तुमच्या बटणाला इथेही जागा द्या."

त्सुकुदा घरी गेला आणि राजीनामा लिहायला बसला. रविवारी दुपारी कानाएने तो वाचायला घेतला. सात पानं होती.

"यात राजीनामा कितव्या पानावर आहे?" तिने विचारलं.

"सहाव्या. आधी पार्श्वभूमी नको का?"

"पार्श्वभूमी वगळता येते का, बघ," कानाए म्हणाली आणि कोबी चिरायला उठली.

राजीनामा दिला गेला नाही. सोमवारी त्याने कळवलं की बटण मीच बसवतो, दुसऱ्या कुणी केलं तर विचका होईल. तीन आठवडे तो त्यावर बसला. टप्पा वगळला की पडदा नुसता काळा होऊन चालणार नाही, धुकं हळूच दाटून यावं आणि विरलं की माणूस वर पोचलेला दिसावा, असं त्याने केलं. आपले बावीस टप्पे लोकांनी बघू नयेत, यासाठी त्याने इतकी नाजूक कारागिरी केली की ओगिसोही दोनदा येऊन नुसती उभी राहून गेली.

खेळ बाजारात आला. एका मासिकाने लिहिलं की सगळं वगळलं तर 'धुक्यातलं बंदर' अकरा मिनिटांत संपतं आणि ती अकरा मिनिटं उत्कृष्ट आहेत. मारुतामाचा इतका खप आधी कधी झाला नव्हता. मालकाने समारंभ केला, दोघांना शेजारीशेजारी उभं करून फोटो काढला आणि भाषणात त्सुकुदाची ओळख 'आमच्या वगळा-बटणाचे जनक' अशी करून दिली. त्सुकुदा वाकून उभा राहिला. कोपऱ्यात कुणीतरी टाळ्या वाजवताना हसत होतं.

समारंभानंतर तो आणि ओगिसो स्टेशनाजवळ उदोनच्या जाड शेवया खायला गेले. गरम रश्श्यात गोड तळलेला तोफू तरंगत होता.

"खरं सांगू?" ओगिसो म्हणाली. "तुमचं दीपगृह मी एकदाही चढले नाही. तिसऱ्या टप्प्याला बटण दाबलं."

"आणि मी तुमचा सिनेमा अख्खा पाहिला नाही."

"किती पाहिलात?"

"वीस मिनिटं."

"म्हणजे बाप मरतो तिथपर्यंतही नाही?"

त्सुकुदाने काड्या थांबवल्या. "मरतो?"

ओगिसोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती इतकी हसली की दुकानदाराने पाणी आणून ठेवलं. त्सुकुदाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. चार वर्षं एकाच खेळावर काम करून आपल्याला हे कुणी सांगितलं कसं नाही, याचा त्याला राग आला होता. "त्याने ती गोष्ट सांगितली का मग?" त्याने विचारलं. "सांगितली," ओगिसो म्हणाली, आणि कोणती ते तिने त्याला सांगितलं नाही.

साठाव्या वर्षी त्सुकुदा निवृत्त झाला. मासिक आधीच बंद पडलं होतं. मतं तेवढी चालू होती, पण ऐकायला घरात कानाए एकटीच होती आणि तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, निदान ती तसं म्हणायची.

एका गुरुवारी दुपारी तो स्नानगृहातून बाहेर आला तर कानाए टॅब्लेट टेकवून काहीतरी बघत होती आणि हसत होती. पडद्यावर त्याचा तोफूवाला होता. कुणीतरी तरुण तो जुना खेळ खेळत होता, बडबड करत होता, आणि हजारो लोक ते नुसतं बघत होते.

"हा तू बनवलायस?" कानाएने विचारलं. "मजेदार आहे की रे. तीन भाग बघून झाले माझे."

त्सुकुदा तिच्या शेजारी बसला. तो तरुण दर उडीला उशीर करत होता. बादलीतला तोफू धडाधड फुटत होता. बघवेना तेव्हा त्सुकुदाने टॅब्लेट ओढून खाली लिहिलं की उडी छपराच्या कडेवर मारायची नसते, कडेच्या दोन बोटं आधी मारायची असते. थोड्याच वेळात कुणाचं तरी उत्तर आलं: 'काका, तुम्ही हा खेळ कधी खेळलेला दिसत नाही.' त्सुकुदाने लिहिलं की हा खेळ मी स्वतः बनवला आहे. त्यावर नऊजणांनी हसणारे चेहरे पाठवले.

"जाऊ दे रे," कानाए म्हणाली आणि टॅब्लेट परत आपल्याकडे घेतला. "छानच आहे तुझा खेळ. गोष्ट मात्र काहीच नाही त्यात."

गोष्ट का नाही, हे त्सुकुदाने सुरुवातीपासून समजावायला घेतलं. कानाएने टॅब्लेटचा आवाज वाढवला.