केसपेपरावरचा भटका कुत्रा

खिडकीआडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुत्रा पाळीव की भटका?" आणि मी सांगितलं, "भटका."

साफ खोटं. कुत्रा आमच्या शेजारच्या आंबेवाल्या भाऊजींचा होता आणि भाऊजी माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांनीच मला गाडीत घालून दवाखान्यात आणलं होतं. माझ्या हाताला गुंडाळलेला पंचा त्यांचा होता, आणि त्यांच्या गाडीच्या सीटवर माझं रक्त सांडलं याची मलाच लाज वाटत होती. अशा माणसाच्या तोंडावर 'यांचा कुत्रा' म्हणून कसं सांगायचं? जीभच रेटेना. भाऊजींनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं आणि दुसरीकडे बघितलं.

रत्नागिरी शहर संपता संपता आमची दोन घरं आहेत. मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाचा गडगा, पलीकडे त्यांची हापूसची बाग. अलीकडे मी एकटी राहते, ब्लाउज शिवते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला नोकरीला. वानरांनी बाग ओरबाडायला सुरुवात केली तेव्हा भाऊजींनी हा कुत्रा आणला. काळा, रुंद छातीचा, शेपटीच्या टोकाला पांढरा. वानरं खरोखरच पळाली. माझ्या पपयासुद्धा वाचल्या, म्हणून मीही त्या कुत्र्याचं कौतुक केलं होतं. अर्थात लांबून. कुत्रा दिसला की लहानपणापासून मी वाट बदलते.

त्या दिवशी मी त्यांचा डबा परत करायला गेले होते. वहिनींनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, त्यातून फणसाची भाजी पाठवली होती. आता शेजारणीचा डबा रिकामा कसा पाठवायचा? हर्णैहून आलेली सुकट घरात होती. तिची चटणी केली, डबा भरला, आणि निघाले. कुत्रा बांधलेला असेल असं मी धरून चालले. तो बांधलेला नव्हता. वास आधी त्याच्यापर्यंत पोचला आणि मग तो माझ्यापर्यंत. डबा टाकून द्यायचा, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. मी तो छातीशी घट्ट धरला. डब्याबरोबर माझा उजवा हात त्याच्या तोंडात गेला.

वहिनींनी धावत येऊन जखमेत हळद आणि चुना भरला. मीही भरू दिला. डॉक्टर मुलीने तो चुना बघितला आणि कपाळाला हात लावला. "काकू, साबण लावून नळाखाली धरायचा होता हो हात. पंधरा मिनिटं!" तिने जखम धुतली, जखमेच्या कडेकडेने सुया टोचल्या, दंडात लस दिली, पुढच्या तारखा लिहून दिल्या. अंगठ्याशेजारचं बोट वाकत नव्हतं, आतली शीर तुटली असावी असं ती म्हणाली. मग जाता जाता तिने ते वाक्य टाकलं. "लस पूर्ण घ्या, काही होणार नाही. आणि तो कुत्रा दिसत असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला, तर तो पिसाळलेला नव्हता असं समजायचं."

'लस घ्या, काही होणार नाही' हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. दहा दिवस तेवढे शिरले.

दुसऱ्या दिवसापासून माझं एकच काम. सकाळी चहा होण्याआधी गडग्याशी जायचं, दगडाला पोट टेकून वाकायचं, आणि ज्या कुत्र्याने मला फाडलं तो जिवंत आहे का ते बघायचं. तो आता पडवीच्या खांबाला साखळीने बांधलेला असे. मला बघून गुरगुरे. मला घाम फुटे आणि त्याच वेळी हायसंही वाटे. गुरगुरतोय ना, मग ठीक आहे. वहिनी भाताचं ताट त्याच्यापुढे सरकवत आणि तो जेवेपर्यंत मी तिथून हलत नसे. तो पाणी प्यायला की मी घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायची. या रोगात पाण्याची भीती बसते म्हणतात ना, म्हणून. घशाखाली पाणी नीट उतरलं की अर्धा दिवस बरा जायचा. दुपारी पुन्हा तांब्या.

चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. तो भडकला. "आई, तुझा हात गेलाय. शिवणार कशी तू? भरपाई मागायची, सरळ भरपाई." त्यानेच ओळखीच्या वकीलबाईंना फोन केला. मी केसपेपर, औषधांच्या पावत्या, हाताचे फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिला कागद वाचला आणि चष्मा काढला.

"काकू, 'भटका' कुणी लिहिलं?"

"मीच सांगितलं."

"का?"

मी काय सांगणार? शेजारी म्हणून? त्यांच्या गाडीतून गेले म्हणून? वकीलबाईंच्या खोलीत ते सगळं अगदीच बावळट वाटत होतं. त्या म्हणाल्या, अवघड आहे, पण नोटीस पाठवून बघू, कुणी बघितलं असेल तर साक्ष मिळवू. मी सही केली. डाव्या हाताने, लहान मूल काढतं तशी.

नोटीस सहाव्या दिवशी पोचली. पोस्टमन आधी माझ्याकडे डोकावला आणि मग त्यांच्याकडे गेला, त्यामुळे मला लगेच कळलं. सातव्या दिवशी सकाळी गडग्याशी गेले तर खांब मोकळा. साखळी नव्हती, ताटही नव्हतं.

"वहिनी, कुत्रा कुठे हो?" मी ओरडून विचारलं.

वहिनी आत निघून गेल्या. भाऊजी बाहेर आले. आवाज नेहमीचाच, मऊ. "कुठचा कुत्रा वो वहिनी? आमच्याकडे कुत्राच नाय. तुमच्याच केसपेपरावर भटका लिवलाय ना? आता भटका काय एका जागी ऱ्हाता?"

मी तिथेच खाली बसले. राग यायला हवा होता, तो नंतर आला. आधी फक्त भीती आली. कारण मला बागेत, तिसऱ्या कलमाच्या मुळाशी, ताजी उकरलेली तांबडी माती दिसत होती. चांगला हातभर लांब ढीग. कुत्रा पिसाळून मेला आणि यांनी पुरला. माझ्या मनाने हे पक्कं केलं, आणि एकदा माझ्या मनाने काही पक्कं केलं की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

ते दोन दिवस कसे काढले ते मलाच माहीत. दवाखान्यात जाऊन तिसरी लस घेतली. डॉक्टर मुलगी पुन्हा म्हणाली की लस वेळेवर चालू आहे, घाबरू नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन तांब्या भरला. तो तोंडाशी नेला. घसा आवळल्यासारखा झाला. तो खरंच आवळला की मीच आवळला? पंख्याचा वारा अंगावर आला तरी मी दचकायची. मुलाला फोन करून घराचे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत ते सांगितलं. तो म्हणाला, "आई, वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, "तेच बघतेय."

नवव्या दिवशी मी गडग्यातलं आडव्या बांबूंचं बेडं ओलांडून भाऊजींच्या अंगणात गेले. हातात काही नव्हतं.

"भाऊजी, नोटीस मागे घेते. काही नको मला. फक्त एवढं सांगा, तिथे काय पुरलंय?"

त्यांनी माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं आणि खरंच चकित झाले. "ते? गळून पडलेले किडके आंबे वो. माशी पसरू नये म्हणून पुरतो आपण दर वर्षी. तुमाला ठाव नाय काय?"

ठाऊक होतं. इतकी वर्षं बघत आले होते.

"मग कुत्रा दाखवा," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. लाज सोडून, अंगणात उभी राहून रडले. वहिनी दारात आल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अहो, दाखवा त्यांना. पाप लागंल."

दहाव्या दिवशी भाऊजी मला पावस गावाला घेऊन गेले, त्याच गाडीतून. सीट धुतलेली होती. तिथे त्यांच्या मेव्हण्याची बाग होती. पेट्या भरणारी एक बाई आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेली. "बगा, हा काय. चांगला खाता-पिता हाय. कोंबडी पन खाल्लान काल."

काजूच्या झाडाखाली तो पडला होता. मला बघून उठला आणि गुरगुरला. शेपटीचं पांढरं टोक दिसलं. मी म्हटलं, याला पाणी द्या. बाईने डालडाच्या डब्यातून पाणी आणलं. तो लपालपा प्यायला, डबा चाटून पुसून. मी त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यात एवढं प्रेम मला कुठल्या कुत्र्याबद्दल वाटलं नव्हतं. घसा सुटला. त्याच डब्यातलं पाणी दिलं असतं तर मीसुद्धा प्यायले असते.

तेवढ्यात भाऊजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. सगळं टाइप केलेलं, तयार. मला चावलेला कुत्रा भटका होता, त्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही, माझी काही मागणी नाही. "आता मिटलाच हाय ना सगळा, वहिनी," ते म्हणाले आणि गाडीचं बॉनेट पंच्याने पुसून त्यावर कागद ठेवला. मी डाव्या हाताने सही केली. त्या क्षणी त्यांनी घर मागितलं असतं तरी मी केली असती.

बोट अजून वाकत नाही. कात्री चालत नाही, म्हणून मी आता फक्त हुक आणि काजं करते, तीही हळूहळू. मुलगा त्या कागदाबद्दल अजून बोलत नाही, म्हणजे किती चिडलाय ते मला कळतं. भाऊजी गडग्यापलीकडून "काय वहिनी, बरा ना?" विचारतात. मीही बरं आहे म्हणते.

पुढच्या वर्षी मोहोर धरला तशी वानरं परत आली, आणि एका संध्याकाळी पडवीच्या खांबाला तो परत बांधलेला दिसला. परवा सकाळी खांब मोकळा होता. तो आमच्या वाटेवर उभा होता, शाळेच्या मुली जातात त्या वाटेवर, आणि मी दाराला आतून कडी लावून खिडकीतून बघत होते. ओरडून सांगावं तर कुणाचा कुत्रा म्हणून सांगायचं? कागदावर तो कुणाचाच नाही, आणि त्या कागदावर सही माझी आहे.