बाई का हसल्या

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. स्वतःवर चिडून चिडून थकलोय, एवढंच.

बाहत्तरचा दुष्काळ. जामखेडजवळचं आमचं गाव, मी तिथल्याच शाळेत मास्तर. अमेरिकेहून एक बाई दुष्काळ बघायला आल्या. इंग्रजी येणारा गावात मी एकटाच, म्हणून दुभाषा झालो. काय मिरवलो! नवा सदरा काय, भांग काय!

चावडीपुढं लोक जमले. बाईंनी आपल्या खापरपणज्याची गोष्ट सांगितली. नॉर्वे नावाच्या थंडगार मुलखातला तो. तिथं पाद्र्याला न विचारता घरात चार माणसं जमवून प्रार्थना केली, की तुरुंग. शेवटी असली पन्नासेक माणसं एवढ्याशा गलबतात बसली आणि अमेरिकेला गेली — का, तर आपला देव आपल्या रीतीनं आळवता यावा. मी अगदी रंगवून सांगितलं. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले.

मग बाईंनी विचारलं, असा त्रास इथं कुणाला होतो का?

गेनबा उठला. गावकुसाबाहेर राहणारा, म्हणून सगळ्यांच्या मागं, लांब बसलेला.

"व्हय बाई, आमाला हुतो. घरात येशूची प्रार्थना करतो म्हनून पाटलांनी आमचं पानी तोडलं. लेकरं तानेली हायेत."

खरं होतं. गावात पाणी उरलं होतं ते एकाच विहिरीला — आमच्या. पाटील म्हणजे माझा सख्खा चुलता. माझ्या शेजारीच खुर्चीवर बसलेला. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. धमकी नाही, साधं खाकरणंसुद्धा नाही. मग मी कशाला भ्यालो? अहो, चार वाक्यं होती! जशीच्या तशी सांगायची होती!

मी इंग्रजीत म्हणालो — हा म्हणतोय, आमच्या गावात सगळे देव गुण्यागोविंदानं नांदतात.

बाई हसल्या. तोंडभर. गेनबाकडं बघून टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तो उभाच राहिला. सभा मोडल्यावर त्यानं मला गाठलं.

"मास्तर, बाई हसल्या का वो?"

तेव्हा तरी खरं सांगावं? — छे! मी म्हणालो, "त्यांच्याकडं असली गाऱ्हाणी रोज येतात, गेनबा."

आठवड्याभरात तो बायकापोरं घेऊन शहराकडं, नागापूरला कामाला गेला. परत आला नाही. चुलता वारला, ती विहीर वाटणीत मला आली. बाईंना खरं कधी कळलंच नाही. आणि गेनबा गाव सोडून गेला तो हेच घेऊन — की बाईंनी सगळं ऐकलं, आणि त्या हसल्या.