शेंगदाणे भरून आलेल्या बाटल्या

शहाद्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जडीबुटीवाल्याचं दुकान आहे. एरवी तो शब्दही तोलून दिल्यासारखा बोलतो. गुडघ्यासाठी भांगेचं तेल विकताना मात्र त्याची जीभ सुटायची. थेंबभर तेल आधी स्वतःच्या मनगटावर चोळायचा आणि म्हणायचा, "मन्ही माय बी हाईच लावस, मावशी." त्या एका वाक्यावर सगळ्या गल्लीनं बाटल्या नेल्या.

मग औषध खात्याची माणसं आली. तेलाला परवाना नव्हता, आत काय मिसळलंय तेही कुणाला ठाऊक नव्हतं. विक्री बंद झाली आणि विकलेला माल परत गोळा करायचा हुकूम निघाला. तो दारोदार फिरू लागला, पण कारण सांगेना. मान खाली घालून नुसतं "बाटली दे" म्हणे. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. बायांनी तेल वाटीत काढून ठेवलं, बाटल्या घासल्या आणि शेंगदाणे भरून त्याच्या हातात दिल्या.

आईनंही तसंच केलं. तो बाटलीकडे बघत ओट्यावर उभा राहिला.

"मावशी, तेल दे. चांगलं नही ते."

आईनं वाटी आणून दिली. तिला वेगळीच काळजी लागली होती. "मग तुन्ही माय आते काय लावस रे, भाऊ?"

तो मनगट चोळत राहिला. त्याच्याकडे बघायची मलाच लाज वाटली.

"तिले मी कधी दिधंच नही."