दर वीस मिनिटांनी सर्व्हर डाऊन

बद्रीनाथ खोटं बोलतो असं मला कुणी सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याच्या थोबाडीत दिली असती. अकरा वर्षं मी त्याच्या दाखला केंद्राच्या दारात बसतो. तो आत कॉम्प्युटरवर लोकांचे दाखले काढतो, मी बाहेर बाकावर लोकांच्या अर्ज्या लिहितो. गल्ली औरंगपुऱ्यातली, पण माणसं येतात पार गंगापूर-खुलताबादेहून. ह्या माणसाला बायकोनं विचारलं, भाजी कशी झालीय, तरी हा खरं सांगतो. त्यापायी दोनदा नुसत्या चहावर राहिलाय.

मागच्या उन्हाळ्यात त्याचे डोळे बिघडले. सकाळी दहापासून सहापर्यंत स्क्रीनकडं टक लावून बसायचं, पापणी म्हणून लववायची नाही. डोळे लालभडक, नुसती चुरचुर, आणि संध्याकाळी डोकं असं ठणकायचं की घरी जाताना स्कूटर ढकलत न्यायचा. एकदा त्यानं एका म्हाताऱ्याच्या कागदावर अडुसष्टच्या जागी शहाऐंशी वय टाकलं. म्हातारा उलट खूश झाला, पण बद्री हादरला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "नंबर ठीक आहे, डोळे थकलेत. दर वीस मिनिटांनी स्क्रीनवरून नजर काढायची, वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, आणि पापण्या मिटत जायच्या. बास." बद्रीनं टेप लावून मोजलं. खिडकीतून बरोबर वीस फुटांवर समोरच्या घरावरची काळी पाण्याची टाकी येत होती.

पहिल्या दिवशी त्यानं खरं तेच सांगितलं. रांगेपुढं हात जोडले नि म्हणाला, "मंडळी, फक्त वीस सेकंद. डोळ्यांना विश्रांती देतो."

काय गहजब झाला म्हणता! "आमी काय इथं टाकी बघायला आलो व्हय?" "पगार घेतो अन् आराम करतो!" अरे, त्याला पगार नाही रे बाबांनो, दाखल्यामागं सुटतं तेवढंच, पण ऐकतंय कोण. सगळ्यांत वरचा सूर आवडाबाईंचा. ह्या खुलताबादकडच्या बाई, दर आठवड्याला गावातल्या कुणाचा तरी कागद घेऊन हजर. आवाज असा की आमच्या गल्लीतली कुत्री उठून जातात. "डोळे मिटायचे तर घरी जाऊन मीट की बापू! माझी एसटी काय तुझ्या डोळ्यापायी थांबती?" आणि कशाला लपवू, मीही बाहेरून ओरडलो, "बद्री, उरक रे!"

त्यानं परत डोळ्यांचं नाव काढलं नाही. आणि पुढच्या आठवड्यापासून सर्व्हर डाऊन होऊ लागला.

ह्या दोन शब्दांत काय जादू आहे, बघा तरी! "सर्व्हर डाऊन" म्हटलं की आख्खी रांग मऊ. कुणी भिंतीला टेकायचं, कुणी मोबाइल काढायचं, आवडाबाई पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा मूठ मूठ वाटायच्या. "त्या गरिबाच्या हातात काय हाय?" असं त्याच आवडाबाई म्हणायच्या! बद्री खिडकीतून बाहेर बघत बसायचा. तीन मिनिटांनी "आला, आला!" म्हणून कामाला लागायचा. मला वाटायचं, बिचारा हताश झालाय. पण त्याचे डोळे निवळत होते, ठणका गेला होता, आणि स्कूटरवर बसून घरी जात होता. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

उलट माझंच डोकं फिरलं. सर्व्हर म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, कसा दिसतो तेही नाही. पण सरकारची वस्तू दिवसातून वीस वेळा बंद पडते आणि कुणी लिहून देत नाही? मग मी कशाला बसलोय इथं? मी तक्रार लिहिली. माझी अर्जी पुराव्यानिशी असते. चार दिवस मनगटावरच्या घड्याळाला चिकटून वेळा टिपल्या. दहा वीस, दहा त्रेचाळीस, अकरा सहा, अशा पुढं पानभर. खाली बावीस जणांचे दस्तखत, पहिला अंगठा आवडाबाईंचा. बद्रीला बोललो नाही. म्हटलं, सर्व्हर दुरुस्त झाला की तोच पेढे घेऊन येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसातून धम्मपाल साहेब आले. इंजिनिअर माणूस, चेहरा उतरलेला, हातात लॅपटॉप आणि माझी अर्जी. बद्रीच्या शेजारी बसून त्यांनी अर्धा तास काय काय तपासलं. रांग खच्चून भरलेली, सगळ्यांच्या माना आत.

"सर्व्हर महिनाभर व्यवस्थित चालू आहे," साहेब म्हणाले. "आणि तुमचा बरा घड्याळ लावून बंद पडतो? चालू झाला की मोजून वीस मिनिटांनी परत बंद. ही यादी कुणी केलीय?"

"मी," मी म्हणालो. छाती काढूनच म्हणालो, गाढव मी.

साहेब बद्रीकडं वळले. "खोटं कारण सांगून काम थांबवलं तर केंद्राचा आयडी बंद होतो, माहिती आहे ना?"

आयडी बंद म्हणजे केंद्र बंद. बद्रीचं सगळं घर त्या एका खुर्चीवर चालतं, दोन मुली शिकताहेत. बद्री उठला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर्व्हर नाही साहेब, माझे डोळे डाऊन होतात. वीस सेकंदच लागतात. पण सर्व्हर वीस सेकंदांत आला हे कुणाच्या बापाला पटलं असतं? म्हणून तीन मिनिटं म्हणायचो."

"मंग सांगायचं नाय का बापू?" आवडाबाई कळवळून म्हणाल्या.

"सांगितलं होतं मावशी. पहिल्या दिवशी."

आवडाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. मला तर रडू आलं, स्पष्ट सांगतो. ज्या माणसाच्या दारात अकरा वर्षं सावलीला बसलो, त्याचं दार मीच बंद करायला निघालो होतो. कागद ओढला आणि उभ्याउभ्याच दुसरी अर्जी लिहिली. बद्रीनाथ यांनी दर वीस मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती घेण्यास आम्हां नागरिकांची काडीमात्र हरकत नाही, वगैरे. पहिला अंगठा परत आवडाबाईंचा. साहेबांनी ती वाचली, स्वतःचे डोळे चोळले. तेही लालच होते. "ठीक आहे, ह्या वेळी नुसती ताकीद," ते म्हणाले. "पण इथून पुढं खरं सांगायचं." आम्ही टाळ्या वाजवल्या. बद्री हसत कामाला लागला, साहेब बसून कागद भरत राहिले.

वीस मिनिटं झाली. बद्रीनं मान वर केली. "मंडळी, वीस सेकंद. डोळ्यांना विश्रांती देतो."

"घे, घे, निवांत घे!" आख्खी रांग म्हणाली.

तो टाकीकडं बघू लागला. चौथ्या सेकंदाला कुणीतरी खाकरलं. सहाव्याला मागून आवाज आला, "झालं का?" आवडाबाईंनी ह्या पायावरचा भार त्या पायावर घेतला. मी घड्याळात बघितलं, दहा सेकंद झाले होते, आणि शप्पथ सांगतो, मलाही दम निघेना.

"हे बघ बापू," शेवटी आवडाबाईच बोलल्या, "तू लई गुणाचा हायस. पण मानसाची वाट बघवत नाय रं. मशीनची बघवती. तू आपलं पहिल्यावानीच म्हण."

बद्रीनं धम्मपाल साहेबांकडं बघितलं. साहेबांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

"सर्व्हर डाऊन," बद्री हळूच म्हणाला.

रांग हुश्श करून भिंतीला टेकली. साहेब उठून बाहेर आले, माझ्या शेजारी बाकावर बसले, मोबाइल काढला आणि मला विचारलं, "नेहमी किती वेळ लागतो हो?"

"तीन मिनिटं," मी म्हणालो.